बोल्ट बसला म्हणजे जुळला का?

जुन्या लष्करी रायफली आणि त्यांच्याच रचनेवर बेतलेल्या परवान्याच्या रायफली यांच्या सुट्या भागांविषयी खानदेशातून बरीच पत्रे आली आहेत. त्यांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. या सदराच्या रिवाजाप्रमाणे पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांच्या काळापासून पीकसंरक्षणाच्या परवान्यावर .३१५ बोअरची, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफल आहे आणि परवाना आता रीतसर माझ्या नावावर झाला आहे. गेल्या हंगामात झाडलेल्या काडतुसाची पुंगळी चेंबरमध्येच, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेतच, अडकली. पाहिले तेव्हा पुंगळी ओढून काढणारी आकडी तुटलेली आढळली. ओळखीतल्या एका गृहस्थांकडे जुन्या थ्री-नॉट-थ्रीचा (.३०३ बोअरच्या लष्करी रायफलीचा) अख्खा बोल्ट, म्हणजे नळीचे मागचे तोंड बंद करणारा सरकता दांडा, आहे. त्यांनी तो माझ्या रायफलीत घालून दाखवला, तो सहज आत जातो आणि मूठही खाली बसते. तो घ्यावा का? (एक वाचक, रावेर)

उत्तर : घेऊ नये. पहिले कारण कायद्याचे आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये ‘शस्त्र’ या संज्ञेतच शस्त्राच्या भागांचाही समावेश केलेला आहे, आणि थ्री-नॉट-थ्री हा सामान्य परवानाधारकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. अशा रायफलीचा बोल्ट बिनपरवाना माणसाकडून विकत घेणे म्हणजे लोखंडाचा तुकडा घेणे नव्हे, तर ज्या परवान्यावर आपली रायफल आहे तोच परवाना धोक्यात घालणे आहे.

दुसरे कारण यंत्राचे आहे आणि ते अधिक विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण ‘आत जातो, मूठ बसते’ या कसोटीवर विसंबून राहणारे आपण एकटे नाही. आपली रायफल जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्याच, म्हणजे ली-एनफिल्डच्या, रचनेवर बांधलेली आहे. या रचनेत काडतुसाच्या बुडाशी असलेली कड, म्हणजे रिम, नळीच्या मागच्या तोंडावर टेकते आणि बोल्टचे तोंड तिला मागून आधार देते. या दोन पृष्ठभागांमधले अंतर म्हणजे हेडस्पेस. लष्करी थ्री-नॉट-थ्रीसाठी ते ०.०६४ इंचापेक्षा कमी आणि ०.०७४ इंचापेक्षा जास्त असू नये असा दंडक होता, म्हणजे साधारण १.६३ ते १.८८ मिलिमीटर. एवढ्या बारीक फरकाचा अंदाज हाताला येत नाही आणि डोळ्यालाही येत नाही. अंतर वाढलेले असले तरी बोल्ट तितक्याच सहजपणे बंद होतो, उलट अधिकच सहजपणे होतो, आणि म्हणूनच सैल बोल्ट घालणाऱ्याला तो ‘छान बसला’ असे वाटते.

अंतर जास्त असले म्हणजे काय घडते तेही पाहा. बार उडाला की दाबामुळे पुंगळीची पातळ भिंत चेंबरला घट्ट चिकटते, पण तिचे जाड बूड मागे सरकून बोल्टच्या तोंडावर आदळते. या ओढाताणीत बुडाच्या थोडे वर पितळ ताणून पातळ होते आणि तेथेच पुंगळी तुटू शकते. तुटलेला पुढचा भाग चेंबरमध्ये अडकून राहतो आणि तप्त वायू मागे, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याकडे, येऊ पाहतो. झाडलेल्या पुंगळ्या आपण जपून ठेवत असाल तर त्या उजेडात फिरवून पाहा. बुडापासून साधारण बोटाच्या रुंदीच्या आत सभोवार चकचकीत कडे उमटलेले दिसले, तर ती रायफल दुरुस्तीदाराने मापल्याखेरीज पुन्हा झाडू नये.

थ्री-नॉट-थ्री आणि .३१५ या दोन काडतुसांच्या रिमचा व्यासही एक नाही, .३१५ ची रिम किंचित मोठी आहे. त्यामुळे एकाच्या बोल्टहेडवरची, म्हणजे बोल्टच्या पुढच्या तुकड्यावरची, आकडी दुसऱ्याची रिम नीट धरीलच याची खात्री नसते. .३१५ साठी हेडस्पेस मोजण्याचा गेजही त्याच काडतुसाचा वापरावा लागतो, थ्री-नॉट-थ्रीचा चालत नाही.

पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. आपला बोल्ट बिघडलेला नाही, तुटली आहे ती फक्त आकडी. ली-एनफिल्डमध्ये बोल्टहेड हा बोल्टच्या पुढे आट्यांनी बसणारा वेगळा तुकडा असतो, आणि आकडी व तिची स्प्रिंग त्या बोल्टहेडवर एका लहान स्क्रूने धरलेली असते. परवानाधारक दुरुस्तीदाराकडून आकडी आणि स्प्रिंग दोन्ही बदलून घ्या, कारण जुन्या स्प्रिंगवर नवी आकडी लावली तर पकड अपुरी राहते. त्याने बोल्टहेड हातात घेऊन बिनदारूचे डमी काडतूस आकडीखाली सरकवून दाखवावे. बोल्टहेड हलके हलवले तरी डमी खाली पडता कामा नये, आणि बोटाने खाली दाबले की सुटले पाहिजे. आकडीच्या स्क्रूचे डोके वर उचललेले नसावे, नाहीतर बोल्ट मागेपुढे करताना ते खाचेत घासते. आपला मूळ बोल्ट आपल्या रायफलीशी कारखान्यात जुळवलेला आहे. त्याच्या मुठीच्या मुळाशी आणि बॉडीवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर, एकच क्रमांक असेल, तर तो जोडीचा आहे असे समजा आणि ती जोडी मोडू नका.

प्रश्न : माझे वडील सैन्यात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारे, होते. त्यांच्या वहीत नंबर ४ ली-एनफिल्ड रायफलीच्या बोल्टहेडवर ०, १, २, ३ असे आकडे असल्याची आणि ‘ढिली असेल तर पुढचा आकडा लावणे’ अशी नोंद आहे. मग कोणताही बोल्ट घेऊन योग्य आकड्याचे बोल्टहेड लावले की काम भागते, असे म्हणता येईल का? (एक वाचक, धुळे)

उत्तर : वडिलांची नोंद अचूक आहे, तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र अपुरा आहे. नंबर ४ रायफलीत आकडा वाढेल तसे बोल्टहेड किंचित लांब होत जाते आणि हेडस्पेस कमी होते. आधीच्या नंबर १ रायफलीत असे आकडे नव्हते, तेथे आर्मोरर अनेक बोल्टहेडांतून मापाचे निवडत असे. पण बोल्टहेड हे हेडस्पेसपुरते औषध आहे. बोल्टला मागून कोण धरून ठेवते, या प्रश्नाला ते हात लावत नाही.

ली-एनफिल्डमध्ये बोल्टला धरणाऱ्या जागा मागच्या बाजूला आहेत : डावीकडे एक आखूड दात आणि उजवीकडे बोल्टच्या अंगावरची लांब पट्टी. बार उडताना दोन्ही जागांनी भार सारखा उचलावा अशी योजना आहे. दाराला दोन कड्या असूनही एकच लागत असेल तर धक्का तिच्यावरच येतो. परक्या बॉडीत घातलेल्या बोल्टचेही तसेच होते : एक बाजू टेकते, दुसरी अधांतरी राहते, आणि प्रत्येक बाराबरोबर बॉडी एका बाजूला किंचित वाकते. नेम सरकू लागतो ही पहिली खूण, दात झिजणे किंवा त्याच्या मुळाशी भेग पडणे ही पुढची. म्हणून आर्मोरर दोन्ही पृष्ठभागांवर निळ्या रंगाचा पातळ थर लावून बोल्ट बंद करत, उघडत आणि रंग कोठे पुसला गेला ते पाहत. दोन्हीकडे सारखा पुसला गेला तरच बोल्ट जुळला असे मानत, नाहीतर दुसरा बोल्ट शोधत.

आणखी एक तपासणी आहे. बोल्टहेड आट्यांवर पूर्ण घट्ट फिरवले की ते बोल्टच्या पट्टीच्या रेषेत यायला हवे. ते त्या रेषेच्या बरेच पुढे फिरत असेल तर आटे किंवा टेकण्याची जागा झिजलेली आहे. मोठ्या आकड्याचे बोल्टहेड लावून हेडस्पेसचे माप दुरुस्त झालेले दिसले, तरी ही झीज तशीच राहते. लष्करी शिरस्त्यात बोल्ट बदलला की रायफल जास्त दाबाच्या काडतुसाने पुन्हा सिद्ध करून घेण्याची पद्धत होती, आणि ती योग्यच होती. वडिलांची ती वही जपून ठेवा. अशा नोंदी आता सहसा मिळत नाहीत.

प्रश्न : माझे लेथचे वर्कशॉप आहे. एका ओळखीच्या परवानाधारकाची फायरिंग पिन झिजली आहे. चांगल्या स्प्रिंग स्टीलमधून हुबेहूब पिन काढून देणे मला अवघड नाही. माप तंतोतंत असेल तर हरकत काय? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : आपल्या हातातले कसब मी नाकारत नाही, पण हे काम आपण करू नये. शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार शस्त्र बनवणे, विकणे, दुरुस्त करणे किंवा त्याची चाचणी घेणे यासाठी स्वतंत्र परवाना लागतो आणि पिन हा शस्त्राचा भाग आहे. ओळखीखातर केले, पैसे घेतले नाहीत, हा बचाव तेथे टिकत नाही.

तांत्रिक बाजूही मापापुरती नाही. स्ट्रायकरचे, म्हणजे काडतुसाच्या बुडातल्या टोपीवर आघात करणाऱ्या पिनेचे, टोक बोल्टच्या तोंडातून साधारण ०.०४० ते ०.०५० इंच, म्हणजे एक ते सव्वा मिलिमीटर, बाहेर यावे लागते. कमी आले तर काडतूस पेटत नाही किंवा उशिरा पेटते, आणि उशिरा पेटणे हे न पेटण्यापेक्षा घातक आहे. जास्त आले तर टोपी भोसकली जाऊन वायू मागे फुटतो. ली-एनफिल्डमध्ये स्ट्रायकर बोल्टच्या मागच्या, ताणून धरल्या जाणाऱ्या कॉकिंग पीसमध्ये आट्यांनी बसतो आणि एका बारीक स्क्रूने अडवलेला असतो. त्यामुळे नव्या पिनेचे आटे किंचित वेगळे असले तरी बाहेर येणारे टोक बदलते. टोकाची गोलाईही नीट असावी लागते.

आणि धातूचे पाणी, म्हणजे तापवून त्याला दिलेला कणखरपणा. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड कारखान्यात १९०३ च्या नमुन्याच्या रायफली बनत असताना रिसीव्हर, म्हणजे रायफलीची बॉडी, किती तापला हे कामगार रंगावरून डोळ्यांनी ठरवत. अनुभवी माणसे होती, मापेही तंतोतंत होती. पण ढगाळ दिवशी आणि लख्ख उन्हात तोच लाल रंग वेगळा दिसतो. त्यामुळे काही रिसीव्हर प्रमाणाबाहेर तापून ठिसूळ झाले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात त्यांतले काही फुटले. पुढे तापमान मोजणारी उपकरणे आली आणि उष्णोपचाराची पद्धत बदलली. आजही त्या कारखान्याच्या ८,००,००० च्या आतल्या क्रमांकाच्या रायफली झाडू नयेत असे जाणकार सांगतात. बाहेरून पाहता चांगला आणि वाईट रिसीव्हर एकसारखेच दिसतात. आपल्या पिनेचे तेच होईल : कॅलिपर तिला पास करील, पण तिचे टोक मऊ आहे की ठिसूळ हे कॅलिपर सांगू शकत नाही.

प्रश्न : माझ्या परवान्यावरील .३१५ रायफलीचा पुढचा लाकडी दस्ता मागच्या टोकाला फाटला आहे. आमच्या गावचा सुतार उत्तम आहे आणि सागवानात हुबेहूब दस्ता करून द्यायला तयार आहे. हे तर लाकूड आहे, यात सुरक्षेचा प्रश्न कोठे येतो? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर : या पत्राबद्दल मी आपला आभारी आहे, कारण ली-एनफिल्डच्या लाकडाकडे बहुतेक मालक सजावट म्हणूनच पाहतात.

आधी फाटण्याचे कारण पाहू. बार उडताना बॉडी मागे ढकलली जाते आणि तो धक्का दस्त्याच्या मागच्या बाजूच्या दोन लहान उभ्या पृष्ठभागांवर येतो. लाकूड तेथे बॉडीला घट्ट टेकलेले असेल तर धक्का सहज पेलते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या घरात जातो तेव्हा लाकूड सुकून आक्रसते, तेथे केसाएवढी फट पडते, आणि मग प्रत्येक बाराला बॉडी त्या फटीएवढी धावून लाकडावर आदळते. त्यातून लाकूड मागच्या टोकाला फाटते. ही दुखणी सैन्याला चांगली ठाऊक होती. ऑस्ट्रेलियातल्या लिथगो कारखान्याने तेथे तांब्याच्या पट्ट्या बसवल्या. ईशापूरच्या अनेक लष्करी रायफलींच्या दस्त्यात आडवा स्क्रू दिसतो, तो लाकूड फाकू नये म्हणून आहे. म्हणजे नवा दस्ता ‘हुबेहूब’ असून भागत नाही, तो आपल्या बॉडीला त्या दोन जागी दोन्हीकडे सारखा टेकलेला हवा. फाटलेल्या दस्त्यावरून माप घेतले तर जुनी फटही नव्या लाकडात उतरते.

याहून महत्त्वाची गोष्ट चापाची आहे. नंबर १ रायफलीत आणि तिच्यावर बेतलेल्या रचनेत चाप बॉडीला टांगलेला नसतो, तो खालच्या ट्रिगर गार्डला टांगलेला असतो, आणि गार्ड व बॉडी यांच्यामध्ये लाकूड असते. लाकूड जाड झाले, पातळ झाले, पावसाळ्यात फुगले किंवा उन्हाळ्यात सुकले की चाप आणि कॉकिंग पीस अडवून धरणारा, चापाने सोडायचा सिअर यांच्यातले अंतर बदलते. ब्रिटिश सैन्याला ही अडचण इतकी जाणवली की दुसऱ्या महायुद्धानंतर नंबर ४ मार्क २ मध्ये चाप थेट बॉडीला टांगण्यात आला. आपल्या रायफलीत तो बहुधा जुन्याच पद्धतीने आहे. तेव्हा सुताराने लाकूड बसवण्याच्या जागी एक मिलिमीटर जास्त खोदले, तर तो नकळत आपला चाप बदलत आहे.

लाकूडकाम सुताराने करायला हरकत नाही, पण त्याच्याकडे रायफल सोपवू नका. दस्त्याची जुळणी परवानाधारक दुरुस्तीदाराच्या देखरेखीखाली आणि त्याच्याच जागेत होऊ द्या. सागवान टिकाऊ आहे, परंतु या कामासाठी चांगला मुरलेला अक्रोड अधिक बरा असे माझे मत आहे. लाकूड कोणतेही असो, ते पुरते सुकलेले हवे. हिरवट लाकडाचा दस्ता पहिल्याच वैशाखात आक्रसेल.

दस्ता बसल्यावर रायफल ताब्यात घेण्यापूर्वी दुरुस्तीदाराने आपल्या डोळ्यांदेखत, चेंबर आणि मॅगझिन रिकामे असल्याची दोघांनी खात्री करून, पुढील गोष्टी दाखवाव्यात. चाप दोन टप्प्यांत ओढला गेला पाहिजे : आधी हलका, मग स्पष्ट जाणवणारा दुसरा. पहिला टप्पा नाहीसा झाला असेल तर सिअर जेमतेम अडकलेला आहे, आणि अशी रायफल हातातून निसटली तरी उडू शकते. मग सेफ्टी लावून चाप जोराने ओढावा, सोडावा आणि त्यानंतर सेफ्टी काढावी. या क्षणी, म्हणजे चापाला बोट लागलेले नसताना, कॉकिंग पीस पुढे पडला तर ती रायफल घरी नेऊ नये. शेवटी बोल्ट जोरात बंद करून आणि बट जमिनीवर रबराच्या पट्टीवर आपटून पाहावा, कॉकिंग पीस जागचा हलता कामा नये. हीच तपासणी पावसाळा सरताना एकदा आणि ऐन उन्हाळ्यात एकदा पुन्हा करून घ्यावी, कारण लाकूड बसवले त्या दिवशी जसे असते तसे वर्षभर राहत नाही.

प्रश्न : भंगारात निघालेल्या एका जुन्या कवायती रायफलीवर डीपी अशी अक्षरे आहेत. बाकी रायफल नवीकोरी दिसते. तिचे भाग परवान्याच्या दुसऱ्या रायफलीला चालतील का? (एक वाचक, नंदुरबार)

उत्तर : नाही, एकही नाही. डीपी म्हणजे फक्त कवायतीसाठी. अशा रायफलीच्या चेंबरला भोक पाडलेले असते, स्ट्रायकरचे टोक काढलेले असते. काही रायफली झीज किंवा भेगा आढळल्यामुळे या वर्गात टाकल्या गेल्या, काही निव्वळ संख्या भरण्यासाठी. कोणता भाग कोणत्या कारणाने बाद झाला हे बाहेरून ओळखता येत नाही. भुसावळच्या लोकोशेडमध्ये काम केलेल्या कोणालाही विचारा, पोलादातली भेग डोळ्यांना दिसते तोवर बहुधा उशीर झालेला असतो. आणि ती रायफल भंगारात निघाली म्हणून शस्त्र अधिनियमाच्या बाहेर गेली असे समजू नका. दुरुस्त करूनही वापरता येणार नाही अशा अवस्थेतले शस्त्रच कायद्याच्या सवलतीत येते आणि ते ठरवणे आपल्या हाती नाही. जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवा.

प्रश्न : वडील गेल्यानंतर गोठ्यावरच्या माळ्यावर त्यांच्या .३१५ रायफलीची काडतुसे सापडली. काहींच्या मानेवर बारीक उभ्या चिरा दिसतात. परवाना अजून माझ्या नावावर झालेला नाही. काडतुसे पुसून ठेवली तर चालतील का? (एक वाचक, शिरपूर)

उत्तर : पुसू नका, हलवाहलव कमी करा आणि रायफलीत तर मुळीच घालू नका. आपल्याला दिसलेल्या चिरांना मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या देशाशी जोडलेला आहे. ब्रिटिश सैन्याच्या लक्षात आले होते की हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेल्या पितळी काडतुसांना माने-खांद्यापाशी आपोआप चिरा पडतात. कारण पुढे विसाव्या शतकात उलगडले : जनावरांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा एकत्र आल्या की, ओढून घडवताना पितळात राहिलेल्या ताणाच्या जागी ते तडकते. गोठ्यावरचा माळा म्हणजे अमोनिया आणि ओल दोन्ही. म्हणून ज्या काडतुसांवर चिरा दिसत नाहीत तीही एकाच पेटीतली असल्यास बादच समजावीत.

चिर पडलेल्या पुंगळीत वायू जेथून कोंडला जायला हवा तेथूनच निसटतो. रायफलीचे सारे भाग बिनचूक मापाचे असले, हेडस्पेस बरोबर असले, तरी अशा काडतुसापुढे त्यांचा उपयोग नाही, कारण या रचनेत वायू अडवण्याचे पहिले काम पितळाचे आहे, पोलादाचे नंतर.

कायद्याने पाहता वडिलांच्या निधनानंतर रायफल आणि काडतुसे दोन्ही, वारसाच्या नावे परवाना होईपर्यंत, कलम २१ प्रमाणे विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी लागतात. जमा करताना चिरा पडलेल्या काडतुसांची संख्या वेगळी लिहून द्या, ती नष्ट करण्यासाठी आहेत असा अर्ज सोबत जोडा आणि पावतीवर रायफलीचा क्रमांक, बोल्टवरचा क्रमांक व काडतुसांची एकूण संख्या या तिन्ही गोष्टी नोंदल्या गेल्या आहेत हे तेथेच वाचून पाहा. पुढे परवाना झाल्यावर रायफल परत घेताना बोल्ट तोच आहे का, हे त्या पावतीवरूनच ताडता येईल.